पाचरीची बाज

आमचं घर सुताराचं. मूळ गाव शिरूर तालुक्यात. गावात बारशाला टांगलेले पाळणे बहुतेक आजोबांच्या हातचे, पण आमच्या घरातली पोरं वाढली ती जुन्या लुगड्याच्या झोळीत. आजी म्हणायची, "गावाला पाळणं, अन् आमच्या पोरांना चिंधी."

त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ च्या 'गावगाडा'त बलुत्याची सगळी रीत लिहून ठेवली आहे. सुतार थोरल्या ओळीतला. वर्षभर शेतकऱ्याचा नांगर, कुळव, पाभर दुरुस्त करायची आणि सुगीला खळ्यावरून धान्य आणायचं. आमच्याकडे पाळण्याचे वेगळे मिळत, शिधा, नारळ, फार तर आजीला एखादा खण. पुढं लाकडी नांगर गेले, लोखंडी आले. मोटेच्या जागी इंजिन आलं. खळ्यावरचं माप आखडत गेलं, आणि १९७२ च्या दुष्काळात तर खळंच झालं नाही. आजोबांनी वाकस, पटाशी, रंधा पोत्यात बांधला आणि न्हावऱ्यावरून दौंड गाठलं. वडील तिथं रेल्वेत खलाशी होते.

मी जन्मले दौंडात. त्या वेळी रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर स्वस्तात मिळत. वडिलांनी दोन आणले. आजोबांनी रंधा मारला, नाकाजवळ नेला आणि बाजूला ठेवला. "डांबराचा वास येतुया. ह्याच्यावर पोर निजवायची व्हय?" ते स्लीपर पुढं कित्येक वर्षं न्हाणीपुढं पडून होते.

मग ते स्वतः गावी जाऊन दोन मोडक्या पाभरींची बाभळीची दिंडं घेऊन आले. ज्याच्या त्या पाभरी, त्यानं त्या फुकट दिल्या. आता त्याला लागणारही नव्हत्या. त्या दिंडांचे चार पाय झाले. प्रत्येक पायाला एकाखाली एक तीन खाचा. वरच्या खाचेत कठडा, मधल्या खाचेत फळ्यांचा तळ. सगळ्यांत खालची खाच रिकामी, तिच्यात लाकडाचा गुटका ठोकलेला. खिळा एकही नाही, नुसत्या कुशी आणि पाचरी. वडिलांनी विचारलं, "ही खालची कशाला?" आजोबा म्हणाले, "ती काय एवढीच ऱ्हाणार हाय का?" त्याच दिवसांत त्यांनी पाच फुटांच्या दोन दांड्याही करून, तेल लावून माळ्यावर ठेवल्या. पोर मोठी झाली की पाचर ठोकून काढायची, कठडा उतरवायचा, लांब दांड्या खालच्या खाचेत घालायच्या आणि सुंभ विणायचं. झाली बाज.

आजोबा गेले तेव्हा मी चार वर्षांची होते. पुढच्या वर्षी माझे पाय कठड्याला लागायला लागले. वडिलांनी माळ्यावरून दांड्या काढल्या. त्यांनी आयुष्यात पटाशी धरली नव्हती, आजोबांनीच धरू दिली नव्हती. "तू पगार घे," म्हणायचे. तीन पाचरी सुटल्या. चौथी बाभूळ फुगून बसलेली. वडिलांनी ती दुपारभर ठोकली आणि शेवटी फोडलीच. तिच्या जागी फळांच्या खोक्याची पट्टी तासून बसवली. ती जरा तिरकी बसली, त्यामुळं त्या कोपऱ्यात बाज कुरकुरते.

दांड्या मात्र खाचेत अशा बसल्या की रंध्याचा एक हातही मारावा लागला नाही. आता त्या बाजेवर माझी नात दुपारची झोपते. पाचर ती खोक्याचीच आहे.