पडीक ठरलेला माळ : बीडच्या वन्यजीवांचा महसुली इतिहास

वन्यजीवांच्या ऱ्हासाची कथा बहुधा शिकारी राजे आणि बंदूकधारी साहेब यांच्यापासून सुरू होते. बीडपुरते पाहायचे तर ती महसुलाच्या दफ्तरापासून सुरू करावी लागेल.

एकोणिसाव्या शतकात बीड हैदराबाद संस्थानात होते. पहिले सालारजंग दिवाण असताना (१८५३–१८८३) जिल्हाबंदी झाली आणि मुंबई इलाख्याच्या धर्तीवर जमीनमोजणीचा पाया घातला गेला. सारा देणारी जमीन एका बाजूला. न देणारी 'बंजर', 'परंपोक', 'खारीज खाता'. बालाघाटावरील पातळ मातीचा, कुसळी गवताचा माळ बराचसा या दुसऱ्या बाजूला गेला. काळवीट, लांडगा, खोकड, माळढोक ही सारी माळावर जगणारी सृष्टी. दफ्तरात तिच्यासाठी रकाना नव्हता.

पुढे वनखात्यानेही जंगल म्हणजे झाडे असेच मानले. 'पडीक' माळावर सुबाभूळ आणि गिरिपुष्प लावणे हे पुण्यकर्म ठरले. गवत मात्र गेले.

आता अवघड भाग. १९५९ मध्ये दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचा सत्याग्रह उभारला. मराठवाड्यातील असंख्य दलित कुटुंबांनी गायरान कसून आयुष्यातली पहिली जमीन मिळवली; १४ एप्रिल १९९० पर्यंतची अशी अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय शासनाने १९९१ मध्ये घेतला. यात माळ घटला, हे नाकारता येत नाही. परंतु कालवे, ऊस, रस्ते आणि वीजवाहिन्या यांनी गिळलेल्या माळाविषयी मौन बाळगून केवळ या कुटुंबांकडे बोट दाखवणारा इतिहास मला अप्रामाणिक वाटतो.

जगाचे चित्र फार वेगळे नाही. 'आयपीबीईएस'च्या २०१९ च्या अहवालाने जमिनीवरील ऱ्हासाचे सर्वांत मोठे कारण जमीनवापरातील बदल हेच सांगितले. शिकार, हवामानबदल, प्रदूषण, परकी प्रजाती त्यानंतर. २०२४ च्या 'लिव्हिंग प्लॅनेट' अहवालातील ७३ टक्के हा आकडा पुष्कळ फिरतो. त्याचा अर्थ ७३ टक्के प्राणी मेले असा नव्हे. १९७० ते २०२० या काळात अभ्यासलेल्या समूहांच्या संख्येत झालेली ती सरासरी घट आहे.

मग उपाय? सोलापूर परिसरात १९७९ मध्ये माळढोकासाठी ८,४९६ चौरस किलोमीटरचे अभयारण्य घोषित झाले. त्यात खासगी शेते आणि गावेही आली. खरेदी-विक्री, बांधकाम अडले आणि पक्षी लोकांना वैरी वाटू लागला. शेवटी क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आले. माळढोक तर आज देशभरात दोनशेहूनही कमी उरले आहेत. बीडमध्ये पाटोदा तालुक्यातील नायगाव मयूर अभयारण्य (१९९४) अवघे तीस चौरस किलोमीटरचे. मोर शेताच्या कडेनेही निभावून नेतो. माळढोकाला मोकळे गवतच लागते. म्हणून गवताळ माळाला स्वतंत्र भूप्रकार म्हणून मान्यता आणि चराईचे हक्क गावाकडे, धनगरांकडे ठेवून त्याची राखण, हा मार्ग मला कुंपणापेक्षा व्यवहार्य वाटतो. अडचण एवढीच, की २०१९ च्या 'वेस्टलँड्स अ‍ॅटलास'मध्येही झुडपी माळ पडीक जमिनीतच मोजला आहे.

मराठवाड्यातील वाचकांना एक विनंती. आपल्या गावचे १९५४-५५ चे खासरा पाहणी पत्रक तहसील कार्यालयातून मिळवा, त्यातील गायरानाचा आकडा आजच्या सातबाऱ्याशेजारी ठेवा आणि दोन्ही आकडे या धाग्याखाली लिहा.