होबोकन : मैदान आणि मुभा

मॅनहॅटन बेटासमोर, हडसन नदीच्या पश्चिम तीरावर, न्यू जर्सी राज्यातील होबोकन हे शहर वसले आहे. त्याची जमीन अवघी सव्वातीन चौरस किलोमीटरांच्या आसपास. आणि २०२० च्या जनगणनेत तेथील लोकसंख्या ६०,४१९ भरली. अमेरिकेतील अत्यंत दाटीच्या शहरांत त्याची गणना होते. अशा ठिकाणी मुलांच्या खेळासाठी मोकळी राहिलेली प्रत्येक जागा ही इतिहासाने दिलेली सवलतच म्हणावी लागेल. ही सवलत कोणाला मिळाली आणि कोणाला नाकारली गेली, हा होबोकनच्या बेसबॉलचा खरा इतिहास आहे.

१७८४ मध्ये कर्नल जॉन स्टीव्हन्स यांनी ही जमीन लिलावात विकत घेतली. पुढे तिच्या उत्तर भागात नदीकाठच्या झाडीमध्ये त्यांनी सहलीचे ठिकाण उभे केले. ग्रीक पुराणातील पुण्यात्म्यांच्या भूमीवरून त्याला ‘इलिसियन फील्ड्स’ असे नाव मिळाले. न्यू यॉर्कचे रहिवासी नावेने नदी ओलांडून तेथे हवा खाण्यास येत. त्याच काळी मॅनहॅटनमधील मोकळ्या जागांवर घरे उठू लागली होती. तेथे चेंडूफळी खेळणाऱ्या ‘निकरबॉकर’ मंडळालाही जागा अपुरी पडू लागली. तेव्हा त्यांनी वार्षिक पंचाहत्तर डॉलर भाड्याने नदीपलीकडचे हे मैदान घेतले. म्हणजे या खेळाच्या बाल्यावस्थेतच शहराने त्याला वेशीबाहेर काढले होते.

मंडळाने २३ सप्टेंबर १८४५ रोजी आपले नियम लिहून काढले. धावणाऱ्याच्या अंगावर चेंडू फेकून मारण्याची जुनी रीत त्यांनी बंद केली आणि ठरावीक रेषांबाहेर गेलेला फटका बाद मानला. १९ जून १८४६ रोजी झालेल्या प्रसिद्ध सामन्यात ‘न्यू यॉर्क’ संघाने याच निकरबॉकर मंडळाला २३-१ असे हरवले. हाच बेसबॉलचा पहिला सामना, हा होबोकनचा अभिमानाचा दावा. तथापि १८४५ च्या ऑक्टोबरमध्येही त्याच मैदानावर सामने झाल्याच्या नोंदी पुढे सापडल्या. म्हणून संशोधक आता ‘पहिला’ हा शब्द जपून वापरतात. खेळाचा जन्म एका दिवसात किंवा एका माणसाच्या हातून होत नाही, एवढे मात्र त्यावरून निश्चित होते. ते खेळाडू कोण होते, हेही विसरता येत नाही. दिवसाउजेडी फुरसत आणि वर्गणीपुरता पैसा असलेले ते पांढरपेशे पुरुष होते.

मैदान मात्र टिकले नाही. तिकीट लावून सामने भरवता येतील अशी कुंपणबंद मैदाने ब्रुकलिनमध्ये निघाली आणि मोठे संघ तिकडे गेले. होबोकनच्या किनाऱ्यावर गोद्या, वखारी आणि कारखाने आले. पहिल्या महायुद्धात असंख्य अमेरिकन सैनिक याच बंदरातून युरोपला रवाना झाले. १९३९ मध्ये जुन्या मैदानाच्या परिसरात कॉफीचा प्रचंड कारखाना सुरू झाला. पूर्वीच्या हिरवळीपैकी एका लहानशा बागेएवढाच अवशेष उरला.

योगायोग असा की, १९३९ मध्येच पेनसिल्व्हेनियातील विल्यम्सपोर्ट येथे कार्ल स्टॉट्झ यांनी मुलांसाठी ‘लिटल लीग’ सुरू केली. मोठ्यांच्या खेळात दोन तळांमधील अंतर नव्वद फूट असते. येथे ते साठ फूट ठेवण्यात आले. त्यामुळे तळांचा चौकोन मूळच्या निम्म्याहूनही कमी जागेत मावू लागला. गजबजलेल्या शहरांच्या दृष्टीने ही मोठीच सोय होती. जागेचा प्रश्न असा काही अंशी सुटला. हक्काचा प्रश्न मात्र तसाच राहिला. १९५० मध्ये एक मुलगी मुलाच्या वेशात खेळली आणि पुढच्याच वर्षी संघटनेने मुलींना बंदी करणारा नियम केला.

१९७२ मध्ये मारिया पेपे ही होबोकनची मुलगी तेथील एका संघातून तीन सामने खेळली. चेंडू फेकण्याचे मुख्य काम तिच्याकडे होते. संघटनेने शहराच्या लीगची मान्यता काढून घेण्याची धमकी दिली आणि तिला मैदान सोडावे लागले. स्त्रियांच्या राष्ट्रीय संघटनेने तिच्या वतीने तक्रार केली. मुलींची हाडे मुलांच्या हाडांहून नाजूक असतात, असा युक्तिवाद सुनावणीत करण्यात आला. सुनावणी अधिकारी सिल्व्हिया प्रेसलर यांनी तो अमान्य करून नोव्हेंबर १९७३ मध्ये मुलींच्या बाजूने निर्णय दिला. १९७४ मध्ये न्यायालयाने तो कायम केला. त्याच वर्षाच्या अखेरीस लिटल लीगच्या सनदेतील ‘मुलगे’ हा शब्द जाऊन मुलग्यांबरोबर मुलींनाही सामावणारा शब्द आला. तोवर मारियाने खेळण्याची वयोमर्यादा ओलांडली होती. दार तिने उघडले. आत गेल्या त्या तिच्या मागून आलेल्या मुली. २०१४ च्या लिटल लीग विश्वमालिकेत मोने डेव्हिस या मुलीने प्रतिस्पर्ध्यांना एकही धाव न देता सामना जिंकून दिला, तेव्हा त्या निर्णयाला चाळीस वर्षे झाली होती.

होबोकनमधील वॉशिंग्टन मार्ग आणि अकराव्या रस्त्याच्या चौकात जुन्या मैदानाची आठवण सांगणारी खूण आहे. तिच्याभोवती वाहने आणि घरे आहेत. एकाच गावाने दोन गोष्टी पाहिल्या : जागा असताना मूठभरांनाच असलेली मुभा, आणि जागा आक्रसल्यावर मुलींनी मिळवलेला हक्क. शहरातील मैदान फुटांनी मोजता येते. पण ते कोणाचे, हे त्यावर पाऊल टाकण्याची मुभा कोणाला आहे यावरून ठरते.