मालगुंडचे घर आणि 'तुतारी'चा कवी

रत्नागिरी जिल्ह्यात गणपतीपुळ्याजवळ, समुद्राला लागून मालगुंड हे गाव आहे. कृष्णाजी केशव दामले, म्हणजेच केशवसुत, यांचा जन्म १८६६ मध्ये येथे झाला. मधु मंगेश कर्णिक यांच्या पुढाकाराने १९९१ मध्ये स्थापन झालेल्या कोकण मराठी साहित्य परिषदेने या जन्मघराची दुरुस्ती करून तेथे स्मारक उभारले. आवारात केशवसुतांच्या कविता शिळांवर कोरल्या. १९९४ मध्ये कुसुमाग्रजांच्या हस्ते स्मारकाचे उद्घाटन झाले. कवीच्या घराची एवढी निगा मराठीत क्वचितच राखली गेली आहे.

जुने घर दुरुस्त करणे म्हणजे ते कोणत्या तरी एका सालात नेऊन थांबवणे. कोकणातले घर म्हटले की जांभ्याच्या भिंती आणि मंगळुरी कौले डोळ्यांपुढे येतात. परंतु बासेल मिशनचा कौलांचा कारखाना मंगळूरला निघाला तो १८६५ मध्ये. केशवसुतांच्या जन्मवेळी मालगुंडात ती कौले असण्याचा संभव जवळजवळ नाही. शिवाय समुद्रकाठचे घर मुळात बदलूनच टिकते. पावसाळ्याआधी कौले चाळायची, वाळवी लागलेला वासा काढून नवा घालायचा, खाऱ्या हवेने गंजलेले खिळे उपटायचे. माळवदाच्या घरांत वाढलेल्या आमच्या मराठवाड्यातील विद्यार्थ्यांना हे मुद्दाम समजावून द्यावे लागते. तेव्हा 'मूळ घर' हा शब्द थोडा सैलपणेच वापरलेला बरा.

खरा पेच निराळा आहे. जुन्याला निरोप देण्याचे आवाहन करणाऱ्या 'तुतारी'च्या कवीचे जुने घर जपले जाते, यात काहींना विसंगती दिसते. मला ती तशी वाटत नाही. केशवसुतांचा राग रूढींवर होता, वाशांवर नव्हे. परंतु घर सजवताना वासे आणि रूढी वेगळे काढता येत नाहीत. अंगण, पडवी, ओटी, माजघर, देवघर हा केवळ खोल्यांचा क्रम नव्हता. कोणत्या जातीच्या माणसाने कुठवर यावे आणि घरातील स्त्रीने कुठवर बाहेर दिसावे, हे त्या क्रमानेच ठरत असे. घासूनपुसून मांडलेली तांब्यापितळेची भांडी पाहताना या व्यवस्थेचा विसर पडतो आणि तो सारा काळ गोड वाटू लागतो. जुन्या वास्तूंच्या सजावटीत हा धोका नेहमीच असतो.

स्मारकाचे उद्घाटन झाले त्याच १९९४ च्या जानेवारीत आमच्या विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव मिळाले. येथील वर्गात 'अंत्यजाच्या मुलाचा पहिला प्रश्न' ही केशवसुतांची कविता शिकवताना मुले हमखास विचारतात, हा मुलगा कवीच्याच घरी आला असता तर कुठवर आला असता? त्या काळातील ब्राह्मणघराची रीत पाहता, फार तर अंगणापर्यंत, असेच उत्तर द्यावे लागते. मालगुंडला सहल नेणाऱ्या शिक्षकांनी ही गोष्ट अंगणात उभे राहूनच सांगावी. एकदा आत गेल्यावर मुलांचे लक्ष भांड्यांकडे जाते.