भरपाई कोणाला मिळाली?

ज्याचें नुकसान झालें त्यास भरपाई मिळावी, हा न्याय बुलढाणा जिल्ह्यांतील लहानशा खेड्याचा पंचही जाणतो. परंतु १८३३ सालीं ब्रिटिश पार्लमेंटनें गुलामगिरी बंद करण्याचा कायदा केला, तेव्हां हा न्याय उलटा फिरला. वेस्ट इंडीज, केप वसाहत व मॉरिशस येथील गुलामांच्या मालकांस मिळून २ कोटी पौंड द्यावयाचे ठरले. ज्यांचें आयुष्य हिरावलें गेलें, त्या गुलामांस एक पैही मिळाली नाहीं. उलट, उमेदवारीच्या नांवाखालीं त्यांस आणखी कांहीं वर्षें त्याच मालकांकडे राबावें लागलें.

या व्यवहाराची एक शाखा महाराष्ट्रापर्यंत पोंचते. मॉरिशसच्या मालकांच्या वांट्यास सुमारें २१ लाख पौंड आले. तेथें १८३५ सालीं गुलामगिरी व १८३९ सालीं उमेदवारी संपली. मुक्त झालेले बहुतेक लोक मळे सोडून गेले. ऊंस मात्र तोडावयाचा होताच. तेव्हां मळेवाल्यांनीं हिंदुस्थानाकडे दृष्टि वळविली आणि भरपाईच्या पैशाचा कांहीं भाग मजूर आणण्याकडे लावला. १८४२ पासून कलकत्ता व मद्रासप्रमाणें मुंबई बंदरांतूनही मजूर नेण्यास सरकारनें परवानगी दिली. कोकणांतील व देशावरील मराठी कुटुंबें तिकडे गेलीं, तीं याच मार्गानें.

त्यांचा करार म्हणजेच गिरमिट. पुढें रूढ झालेल्या करारांत मुदत ५ वर्षांची आणि पुरुषाचा पगार दरमहा ५ रुपये असे. एक दिवस गैरहजर राहिल्यास दोन दिवसांचा पगार कापला जाई. वऱ्हाडांतील सालदाराचें साल गुढीपाडव्याला ठरतें. अंगावर उचल नसेल, तर पुढच्या पाडव्याला तो दुसरा धनी पाहूं शकतो. गिरमिटियाच्या भोंवतीं समुद्र होता.

मालकांना पैसे देण्यासाठीं ब्रिटिश सरकारनें १८३५ सालीं दीड कोटी पौंडांचें कर्ज काढलें. त्याचे अखेरचे रोखे २०१५ सालीं फिटले. म्हणजे ब्रिटनमध्यें येऊन राहिलेल्या गुलामांच्या वंशजांनींही आपल्या करांतून त्या मालकांची भरपाई फेडली.

मॉरिशसमध्यें २००९ सालीं सत्य व न्याय आयोग नेमला गेला. गुलाम व गिरमिटिये या दोघांनीं काय सोसलें, तें त्यानें २०११ सालीं आपल्या अहवालांत नोंदविलें. मालकांचा हिशेब चुकता झाला होता. राबणाऱ्यांचा नुसता मांडावयासच पावणेदोनशें वर्षें लागलीं.