पंतोजी, पुस्तक आणि परीक्षा : मराठीच्या प्राथमिक अध्यापनातील एक जुना पेच

मराठी शाळेतील मुलांना धड वाचता-लिहिता येत नाही, ही तक्रार नवी नाही. प्रत्येक पिढी ती नव्याने करते आणि दर वेळी तिचा रोख शिक्षकावर असतो. त्याचे वाचन तोकडे, उच्चार अशुद्ध, भिस्त घोकंपट्टीवर, असे म्हटले जाते. यांतील काही आरोप काही शिक्षकांच्या बाबतीत खरेही असतील. परंतु शिक्षकाच्या हाती शिकवण्यासाठी दिलेली मराठी कोणी, कोणासाठी व कोणत्या गरजेपोटी घडवली, हा प्रश्न त्यामुळे बाजूला राहतो. गेल्या दोनशे वर्षांचा इतिहास पाहता असे दिसते की, प्राथमिक शिक्षकाची मुख्य अडचण अक्षरे शिकवण्याची नव्हती. जी भाषा मुलाची नाही आणि पुष्कळदा शिक्षकाची स्वतःचीही नाही, ती उभयतांची मातृभाषाच आहे असे गृहीत धरून ती शिकवण्याची होती. हा पेच कसा निर्माण झाला आणि आजवर का सुटला नाही, याचा विचार साहित्याच्या अभ्यासकांनीही करायला हवा. कारण अर्वाचीन मराठी गद्याचा जन्म आणि हा पेच यांचे मूळ एकच आहे.

पेशवाईच्या अखेरच्या काळातील गावठी शाळेत साक्षरतेचा अर्थ मर्यादित, पण निश्चित होता. धूळपाटीवर अक्षरे गिरवणे, बाराखडी, पाढे, पावकी-निमकी, मोडीचे वळण, पत्राचे मायने आणि हिशेब एवढ्यात तो सामावलेला असे. ज्यांना पोथी वाचायची त्यांना बालबोध लिपीची ओळख करून दिली जाई. या शिक्षणाचा आरंभ ज्या 'ॐ नमः सिद्धम्'ने होई, त्याचेच बोलण्यातले रूप 'ओनामा' हे होय. मूल ते शब्द म्हणे. त्यांचा अर्थ त्याला कळावा अशी अपेक्षा कोणीही करत नसे. उच्चारणे, लिहिणे आणि समजणे या तीन स्वतंत्र क्रिया होत्या आणि पंतोजीची जबाबदारी पहिल्या दोहोंपुरती होती. बहुसंख्य शेतकरी, कारागीर, स्त्रिया आणि अस्पृश्य मानलेल्या जाती या शाळेबाहेर होत्या. त्यामुळे मुलाची घरची बोली आणि शाळेतील लेखन यांच्यातील अंतर हा प्रश्न तेथे उभाच राहत नव्हता. ज्यांच्या बाबतीत ते अंतर मोठे होते, ती मुले शाळेत येतच नव्हती.

१८१८ नंतर हे चित्र पालटले. १८२२ साली मुंबईत स्थापन झालेल्या शाळापुस्तक मंडळीने छापील मराठी पुस्तके तयार करण्याचे आणि शिक्षक तयार करून गावोगावी पाठवण्याचे काम हाती घेतले. जॉर्ज जर्व्हिस हे तिचे चिटणीस होते. थोरल्या मुलांकरवी धाकट्यांना शिकवण्याची जी पद्धत या शाळांनी स्वीकारली, ती बेल आणि लँकेस्टर यांच्या नावाने ओळखली जाते. वाळूत अक्षरे गिरवण्याची देशी रीत अँड्र्यू बेल यांनी मद्रासेत पाहिली होती, हे लक्षात घेतले तर या पद्धतीत येथल्या शिक्षकाला परके वाटावे असे फारसे काही नव्हते. परके होते ते पुस्तक. सदाशिव काशीनाथ छत्रे यांची 'बाळमित्र' आणि 'इसपनीतिकथा' ही पुस्तके १८२८ साली प्रसिद्ध झाली. पहिल्याचे मूळ बेर्कें या फ्रेंच लेखकाच्या मुलांसाठीच्या गोष्टींत होते आणि ते इंग्रजीच्या वाटेने मराठीत आले. छत्र्यांची मराठी सुबोध व डौलदार आहे आणि वाङ्मयेतिहासाने तिचा योग्य तो गौरव केला आहे. परंतु वर्गातील शिक्षकाच्या बाजूने पाहिले की निराळी गोष्ट दिसते. बखरी, महानुभावांचे ग्रंथ, दरबारी पत्रव्यवहार अशा रूपांत गद्य मराठीत पूर्वीही होते. तथापि मुलाने मनातल्या मनात वाचावे, अर्थ समजून घ्यावा आणि त्यावरील प्रश्नांची उत्तरे द्यावीत, यासाठी लिहिलेले गद्य ही नवी गोष्ट होती. ते गद्य शिक्षक स्वतः शिकत होता आणि त्याच वेळी दुसऱ्याला शिकवत होता.

या नव्या मराठीला नियम हवे होते आणि ते नियमही शाळेच्याच गरजेतून आले. दादोबा पांडुरंग यांचे 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' १८३६ साली प्रसिद्ध झाले. पुढे १८४०च्या दशकात मुंबईच्या अध्यापकवर्गाची जबाबदारी बाळशास्त्री जांभेकरांनंतर याच दादोबांकडे आली. व्याकरणकार हाच शिक्षकांचा शिक्षक झाला. विरामचिन्हांचा वापर रूढ करण्याचे श्रेय ज्यांना दिले जाते, त्या मेजर थॉमस कँडी यांच्या नजरेखालून सरकारी शालेय पुस्तके जात असत. एका इंग्रज अधिकाऱ्याच्या संमतीने ठरणाऱ्या या मराठीबद्दल नाराजी निर्माण होणे स्वाभाविक होते. १८७४ साली विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 'निबंधमाला' सुरू केली ती मराठी भाषेच्या सद्यःस्थितीवरील निबंधाने. चिपळूणकर स्वतः सरकारी शाळेत शिक्षक होते. तरीही त्यांचा प्रश्न मराठी गद्याची प्रौढी आणि स्वत्व कसे टिकेल हा होता. पहिल्या इयत्तेतील मूल काय वाचते, हा नव्हता. कँडी आणि चिपळूणकर या वादात परस्परविरोधी टोकांना उभे दिसतात. परंतु शाळेची मराठी ही सुशिक्षितांनी ठरवायची आणि शिक्षकाने पोचवायची वस्तू आहे, याबाबत त्यांच्यात मतभेद नव्हता.

हा मतभेद नोंदवला तो जोतीराव फुले यांनी. १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढून जोतीराव व सावित्रीबाई यांनी पंतोजीच्या शाळेबाहेरच्या मुलांचे अध्यापन प्रत्यक्ष केले होते. १८८२ साली हंटर आयोगापुढे इंग्रजीत सादर केलेल्या निवेदनात जोतीरावांनी प्राथमिक शिक्षकाविषयी जे मुद्दे मांडले, त्यांचे महत्त्व सामाजिक आहे तितकेच भाषिकही आहे. शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून घ्यावेत, त्यांना प्रशिक्षण व पुरेसे वेतन मिळावे, मुलांच्या गरजा त्यांना समजाव्यात आणि वेळप्रसंगी नांगर धरण्याची त्यांना लाज वाटू नये, असे त्यांचे म्हणणे होते. अभ्यासक्रमात मोडी व बालबोध या दोन्ही लिप्यांबरोबर हिशेब, व्याकरण, शेतकी आणि आरोग्य यांविषयीचे धडे त्यांनी सुचवले. जो शिक्षक मुलाच्या घरात मिसळू शकत नाही, त्याला त्या घरातील बोलणे ही केवळ अशुद्ध मराठी वाटणार, हे या मागणीमागचे तर्कशास्त्र आहे. शिक्षकाची निवड हा भाषाशिक्षणाचाच भाग आहे, ही जाणीव एवढ्या स्पष्टपणे त्या काळात क्वचितच प्रकट झाली.

प्रत्यक्षात व्यवस्था निराळ्या दिशेने गेली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अनुदानाची सांगड परीक्षेच्या निकालाशी घालण्याचे धोरण मुंबई इलाख्यात राबवले गेले. निरीक्षक वर्षातून एकदा येणार, नेमलेल्या पुस्तकातील उतारा वाचायला सांगणार आणि त्यावर शाळेचे भवितव्य ठरणार, अशा स्थितीत शिक्षकाने तोच उतारा मुलांकडून पाठ करून घेतला तर त्यात नवल नाही. घोकंपट्टी हा जुन्या पंतोजीचा वारसा मानला जातो. तो अंशतः तसा आहेही. परंतु नव्या पुस्तकाची घोकंपट्टी ही नव्या परीक्षेची निर्मिती होती. जुन्या शाळेत पाठांतराचा व्यवहारात उपयोग होता. नव्या शाळेत समजून वाचण्याचे उद्दिष्ट जाहीर करून पाठांतराला बक्षीस दिले जाऊ लागले.

लिपी आणि लेखन यांतील बदलांचा भारही शिक्षकानेच वाहिला. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडी शाळेत टिकून होती. मराठी साहित्य महामंडळाचे चौदा नियम १९६२ साली आणि आणखी चार १९७२ साली आले. व्युत्पत्तीनुसार द्यायचे अनुच्चारित अनुस्वार त्यांनी काढून टाकले, ही मोठीच सोय झाली. मात्र ज्या शिक्षकाने हे अनुस्वार छड्या खाऊन पाठ केले होते, त्यालाच आता ते चूक म्हणून खोडावे लागले. 'कवी' आणि 'गुरू' एकेकटे आले की दीर्घ, समासात 'कविवर्य' आणि 'गुरुदक्षिणा' असे ऱ्हस्व, हा भेद नियमात नीट बसतो. मुलाच्या कानाला तो ऐकू येत नाही. 'जग' हे अक्षरचित्र विश्व या अर्थी एका उच्चाराने आणि 'जगणे'च्या आज्ञार्थी दुसऱ्या उच्चाराने वाचायचे असते. लिपी त्याची कोणतीच खूण देत नाही. अर्थ आधी कळल्याखेरीज उच्चार ठरत नाही, आणि बाराखडीची पद्धत तर उच्चारातून अर्थाकडे जाते. 'पानी' म्हणणाऱ्या मुलाला 'पाणी' लिहायला शिकवणे आणि 'मले-तुले' म्हणणाऱ्या वऱ्हाडी मुलाला 'मला-तुला' वाचायला शिकवणे, या शिक्षकाच्या रोजच्या अडचणी आहेत. त्यांना मार्गदर्शक ठरेल असा नियम शुद्धलेखनाच्या पुस्तकात नाही. ते पुस्तक लिहिताना हे मूल डोळ्यांसमोर नव्हते.

पाठ्यपुस्तकांनी हे अंतर कमी करण्याचा प्रयत्न केला नाही, असे नाही. शिक्षणशास्त्राचा इंग्लंडात अभ्यास करून आलेल्या आचार्य अत्रे यांच्या 'नवयुग वाचनमाले'ने शालेय मराठीत मुलांच्या आवडीला व खेळकरपणाला स्थान दिले. १९६७ साली पाठ्यपुस्तक मंडळाची, म्हणजे 'बालभारती'ची, स्थापना झाल्यावर राज्यभर एकच पुस्तक पोचले आणि गरीब मुलाच्या हातीही चांगले छापलेले पुस्तक आले. ग्रामीण आणि दलित लेखनाने साठोत्तरी साहित्याची भाषा बदलली, तशी तिची काही पाने क्रमिक पुस्तकातही आली. येथे बहिणाबाई चौधरी यांचे उदाहरण बोलके आहे. त्यांची गाणी १९५२ साली अत्र्यांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाली आणि पाठ्यपुस्तकांत स्थिरावली. अक्षरओळख नसलेल्या या कवयित्रीची रचना तिच्या मुलाने व आप्ताने टिपून ठेवली म्हणून ती उरली. खानदेशातील मूल आपल्या आजीच्या बोलण्याशी जुळणारी ही कविता वर्गात मोठ्याने म्हणते. मात्र तिच्यावरील प्रश्नाचे उत्तर त्याच बोलीत लिहिले तर त्याचे गुण कापले जातात. साहित्य म्हणून बोली गौरवास पात्र ठरली. विचार मांडण्याचे साधन म्हणून तिला वर्गात जागा मिळाली नाही. या विसंगतीचा जाब मूल शिक्षकाला विचारते, अभ्यासमंडळाला नव्हे.

या चाकोरीबाहेर पडलेले प्रयत्न महाराष्ट्रात झाले आहेत आणि त्यांनी सुरुवात मुलापासून केली, हा त्यांच्यातील समान धागा आहे. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडला अनुताई वाघ यांच्या साथीने आदिवासी मुलांसाठी शिक्षणाचे काम उभे केले. मुले शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच पाड्यावरच्या अंगणात गेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा भरली. अंतर केवळ पावलांचे नव्हते. वारली मुलाच्या परिसरातील पाने, बिया, शंख आणि गाणी ही तेथे शिक्षणाची साधने झाली आणि शिक्षिकेला मुलाचे बोलणे आधी शिकावे लागले. लीलाताई पाटील यांनी १९८५ साली कोल्हापुरात सुरू केलेल्या 'सृजन आनंद विद्यालया'त मुलाच्या स्वतःच्या अनुभवाला लेखनाचा प्रारंभबिंदू मानले गेले. हे प्रयोग नावाजले गेले. तथापि सर्वसामान्य शाळेने त्यांतील साधने उचलली आणि त्यांचा आधार असलेले शिक्षकाचे स्वातंत्र्य मागे ठेवले. चित्रे, तक्ते, खडे वर्गात आले; कोणत्या शब्दापासून आणि कोणत्या बोलीतून आरंभ करायचा हे ठरवण्याचा अधिकार आला नाही.

एकविसाव्या शतकात हा पेच नव्या शब्दांत पुढे आला आहे. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस'बरोबर 'वीस एक' असे पर्यायी वाचन सुचवले गेले, तेव्हा मोठे वादळ उठले. पंचवीस लिहिताना दोन आधी आणि म्हणताना पाच आधी, ही मुलाची खरी अडचण होती आणि ती शिक्षकांना ठाऊक होती. चर्चा मात्र भाषेच्या सौंदर्याची आणि अस्मितेची झाली. २०२१ साली सुरू झालेल्या 'निपुण भारत' अभियानाने पायाभूत साक्षरतेला राष्ट्रीय प्राधान्य दिले, हे महत्त्वाचेच आहे. तिसरीच्या मुलाने अपरिचित मजकूर मिनिटाला किमान साठ शब्द या वेगाने, अर्थ समजून वाचावा, असे उद्दिष्ट त्यात आहे. त्यातील वेग मोजणे सोपे आणि समज मोजणे अवघड असते. जे मोजता येते त्याचाच हिशेब शिक्षकाकडे मागितला जातो, हे निरीक्षकाच्या काळाने दाखवून दिले आहे. मोजण्याचे साधन बदलले म्हणून ही ओढ आपोआप नाहीशी होत नाही.

प्रमाण मराठी शिकवू नये, असा याचा अर्थ नाही. कायदा, वृत्तपत्र, विज्ञान आणि दूरच्या माणसाशी संवाद यांसाठी ती हवी, आणि वंचित घरातील मुलाला ती नाकारणे हा त्याच्यावरील दुसरा अन्याय ठरेल. जोतीरावांनी शेतकऱ्याच्या मुलासाठी व्याकरणही मागितले होते, हे विसरता येत नाही. प्रश्न क्रमाचा आणि अधिकाराचा आहे. प्रमाण मराठी ही मुलाची मातृभाषा नसून त्याने मिळवायची दुसरी भाषारीती आहे, हे उघडपणे मान्य केले तर पहिली रीती चूक न ठरता पायरी ठरते. मग 'पानी' खोडण्याऐवजी 'पाणी' तिच्या शेजारी लिहिता येते. हे करण्यासाठी शिक्षकाला बोलींचे ज्ञान, वेळ आणि निर्णयाची मोकळीक लागते. या तीनही गोष्टी त्याला देण्यात शासनाइतकीच कुचराई विद्यापीठांतील मराठी विभागांनीही केली आहे. बोलींचे प्रबंध ग्रंथालयात राहिले आणि शिक्षक-प्रशिक्षणाच्या वर्गात त्यांचे पान उघडले गेले नाही. मराठी गद्य शाळेसाठी घडले, त्याला दोन शतके होत आली. त्या गद्याच्या घडणीत शाळेतल्या शिक्षकाचे आणि मुलाचे म्हणणे विचारात घेणे, हे त्याच्या इतिहासातील राहून गेलेले काम आहे.