१९१८ ची साथ: माणसे जनुकांनी मेली की जातीने?

साथ आली की दोन वाक्ये हमखास कानावर येतात. पहिले, "वस्तीतल्या लोकांची इम्युनिटी दणकट असते, त्यांना काही होत नाही." आणि वस्तीत माणसे मरू लागली की दुसरे, "त्यांची शरीरेच पिढीजात कमकुवत." वाक्ये उलटी, पण निष्कर्ष एकच: व्यवस्थेने काही करायची गरज नाही. म्हणून जनुके आणि प्रतिकारशक्तीचा विषय आपण डॉक्टरांवर सोडून गप्प बसू शकत नाही.

याचा पुरावा आपल्या मुंबईतच आहे. जून १९१८ मध्ये इन्फ्लूएंझा मुंबईत शिरला. गोदीवर पहाऱ्याला असलेले पोलीस शिपाई सुरुवातीच्या रुग्णांत होते. पहिली लाट सौम्य होती, सप्टेंबरमधली दुसरी भीषण. ६ ऑक्टोबर या एका दिवसात शहरात ७६८ मृत्यू नोंदले गेले. देशभरात एक कोटी वीस लाख ते दोन कोटी माणसे गेल्याचे अंदाज आहेत.

त्या साथीचे मुंबईतले मृत्युदर सरकारी नोंदींत समाजवार मिळतात. दर हजारी युरोपियन ८.३, पारशी ९, भारतीय ख्रिश्चन १८.४, इतर हिंदू १८.९, मुसलमान १९.२. आणि 'हलक्या जातीचे हिंदू' म्हणून ज्यांची नोंद झाली, ते ६१.६! शहर एक, विषाणू एक. तरी अस्पृश्य-शूद्रांचा मृत्युदर इतर हिंदूंच्या तिपटीहून जास्त आणि युरोपियनांच्या सातपटीहून जास्त.

हा फरक जनुकांचा असू शकतो का? विज्ञानाला घाबरायचे कारण नाही, तेच विचारूया. जनुकांमुळे विषाणूचा आजार काहींना जास्त भोवतो, हे खरे आहे. विषाणू शिरला की शरीर इंटरफेरॉन नावाची प्रथिने तयार करून धोक्याची घंटा वाजवते. २०१५ मध्ये फ्रान्समधल्या एका लहान मुलीचा अभ्यास प्रसिद्ध झाला. एरवी निरोगी असलेली ही मुलगी साध्या फ्लूने मरणाच्या दारात पोचली होती. आयआरएफ-७ या जनुकाची सदोष प्रत तिला आई आणि वडील दोघांकडूनही मिळाली होती, त्यामुळे घंटा वाजलीच नाही. २०२० मध्ये जीवघेणा कोविड झालेल्या ६५९ रुग्णांची तपासणी झाली. त्यांतल्या २३ जणांत याच यंत्रणेतले जन्मजात दोष सापडले.

म्हणजे शेकडा साडेतीन. असे दोष दुर्मिळ असतात आणि ते एखाद्या व्यक्तीच्या, एखाद्या कुटुंबाच्या वाट्याला येतात. एकाच शहरात एका थराचा मृत्युदर तिप्पट होण्याचे कारण त्यांतून मिळत नाही. 'हलक्या जाती' हा तर सरकारी नोंदींतला कप्पा होता. त्यात एकमेकांत रोटी-बेटी नसलेल्या कितीतरी जाती कोंबल्या होत्या. त्यांना जोडणारे समान जनुक नव्हते. समान होते ते काम, घर आणि भूक.

त्या वर्षी पावसाने दगा दिला होता, धान्य महागले होते. एका खोलीत अख्खे कुटुंब, कधी दोन. सगळे एकदम तापाने पडले की पाणी द्यायलाही कोणी उरत नसे. त्या साथीतले बहुतेक मृत्यू फ्लूच्या मागून आलेल्या जिवाणूंच्या न्यूमोनियाने झाले, असे पुढे जतन केलेल्या ऊतींच्या अभ्यासातून दिसले. अशा रुग्णाला विश्रांती, अन्न आणि शुश्रूषा लागते. आमच्या पूर्वजांना नेमके तेच नाकारले गेले होते.

कोणी हुशार विचारेल, "पण बेटीबंदीमुळे जातींची जनुके वेगळी झाली नाहीत का?" काही प्रमाणात झाली. मात्र त्यांतून उच्च-नीच ठरत नाही. आंध्र-तेलंगणातल्या वैश्य समाजाचेच पाहा. शस्त्रक्रियेच्या वेळी स्नायू सैल करण्यासाठी देतात त्या एका औषधाचा असर फार वेळ टिकण्याचा आनुवंशिक दोष त्यांच्यात इतरांपेक्षा कितीतरी जास्त आढळतो. हा समाज काही उतरंडीच्या तळाला नाही. बेटीबंदीचे ओझे सगळ्याच जाती वाहतात. जातीचा कणा बेटीबंदी आहे हे बाबासाहेबांनी १९१६ मध्येच कोलंबियात मांडले होते. ब्राह्मण आणि अस्पृश्य वेगळ्या वंशाचे नाहीत, हे त्यांनी १९४८ च्या 'द अनटचेबल्स'मध्ये नाकाच्या मापांचे आकडे घेऊन दाखवले. वंशवाद्यांचेच हत्यार त्यांच्यावर उलटवले.

आता २०२० कडे या. जुलैमध्ये मुंबईच्या तीन वॉर्डांत रक्ततपासणी झाली. कोविड होऊन गेल्याच्या खुणा झोपडपट्टीत शेकडा ५७ जणांत आढळल्या, बाहेर शेकडा १६ जणांत. विषाणूला दाट वस्ती आणि सामायिक संडास सापडले. 'दणकट इम्युनिटी'ने त्याला दारात अडवले नाही.

आणि मरण कोणाच्या वाट्याला किती आले? १९१८ मध्ये परक्या सरकारने निदान आकडे लिहून ठेवले, म्हणून आज आपण त्यावर वाद घालू शकतो. कोविडचे जातवार मृत्यू आपल्या सरकारने जाहीरच केले नाहीत. आकडा नसला की आरोपही राहत नाही.

म्हणून तरुण कार्यकर्त्यांनी जनुकशास्त्र वाचावे, समजून घ्यावे आणि वस्तीत सांगावे. पण कोणी आपल्या मरणाचे खापर आपल्याच रक्तावर फोडू लागला, तर त्याला घर, पाणी, रेशन, दवाखाना आणि जातवार आकडेवारी यांचा हिशोब मागावा. जनुके बदलणे आपल्या हाती नाही. ही व्यवस्था बदलणे आहे.

जय भीम!