चिठ्ठीचा रंग आणि रंगाचे मोल

भेडाघाटच्या संगमरवरी कड्यांमुळे आणि मदनमहालाच्या प्रचंड शिळांमुळे जे जबलपूर प्रवाशांना परिचित आहे, त्याच शहराच्या लष्करी छावणीत १८७५ च्या पावसाळ्यात स्नूकर या खेळाचा जन्म झाला, हे पुष्कळांना ठाऊक असते. परंतु त्या जन्माबरोबरच, दैवाच्या कौलाने माणसांना रंग वाटून देण्याची एक जुनी वहिवाट मेजावरून उठू लागली, याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही.

हा मुलूख आपल्या इतिहासाशी निकटचा आहे. सागरच्या मराठी अंमलदारांनी १७८१ मध्ये गढा-मंडल्याचे गोंड राज्य संपुष्टात आणले, १७९८ मध्ये नर्मदाकाठचा हा प्रदेश नागपूरकर भोसल्यांकडे गेला आणि सीताबर्डीच्या लढाईनंतर, १८१७ च्या डिसेंबरात, जबलपुरावर इंग्रजांचा अंमल बसला. १८६१ मध्ये मध्य प्रांताची घटना झाली. १८७० मध्ये मुंबईहून आणि कलकत्त्याहून येणारे लोहमार्ग येथेच एकमेकांस मिळाले. अशा मोक्याच्या छावणीत, कवायत बंद पाडणाऱ्या पावसाच्या दिवसांत, अधिकाऱ्यांच्या भोजनगृहातील बिलियर्डचे मेज हेच विरंगुळ्याचे मुख्य साधन असावे, हे स्वाभाविक होते.

त्या मेजावर पैसे लावून जो ‘लाइफ पूल’ खेळला जाई, त्याचा दस्तूर लक्षात घेण्याजोगा आहे. प्रत्येक खेळाडू आरंभी ठरलेली रक्कम सामाईक निधीत भरी आणि त्याला तीन जीव मिळत. मेजाचा कारभार पाहणारा मार्कर चेंडू टोपलीत घालून न पाहता एकेक वाटी. ज्याच्या वाट्याला जो रंग येई, तो त्या डावापुरता त्याचा. रंगावरून क्रम ठरे : पांढरा चेंडू ठिपक्यावर मांडायचा, तांबड्याने पांढऱ्यावर नेम धरायचा, पिवळ्याने तांबड्यावर, आणि अशीच परंपरा पुढे चालायची. आपला चेंडू दुसऱ्याने जाळीत घातला की एक जीव जाई आणि त्याचे मोल मारणाऱ्यास रोख द्यावे लागे. सर्वांत आधी ज्याचे तिन्ही जीव संपत, त्याला मूळ रकमेइतका भरणा पुन्हा करून, जिवांची नोंद ठेवणाऱ्या फलकावर ज्याचे सर्वांत कमी जीव उरले असतील तितकेच जीव विकत घेण्याची मुभा असे; ही सवलत मात्र एका डावात एकदाच.

आता आठ खेळाडू आहेत आणि पांढरा चेंडू कोणालाच नको आहे, असे समजू. जो शेवटी हात पुढे करतो, त्याच्यावर अन्याय होतो काय? पहिल्याला पांढरा येण्याचा संभव अष्टमांश, हे उघड आहे. दुसऱ्याला तो यायचा, तर आधी पहिल्याला तो चुकला पाहिजे, म्हणजे आठांपैकी सात वाटा, आणि मग उरलेल्या सातांतून नेमका तोच निघाला पाहिजे, म्हणजे एक सप्तमांश. या दोहोंचा गुणाकार पुन्हा अष्टमांशच होतो. हाच हिशेब आठव्यापर्यंत नेला, तरी उत्तर तसूभरही हलत नाही. वाटणीच्या चिठ्ठ्या उचलताना भाऊबंदांत ‘आधी कोण’ यावरून जी तक्रार उभी राहते, तिचे निवारण या एका गुणाकारात आहे.

या गणिताचा पाया आपल्याकडे फार पूर्वी घातला गेला होता. सह्याद्रीच्या आश्रयाने राहणाऱ्या भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास रचलेल्या लीलावतीत ‘अंकपाश’ या प्रकरणात वस्तूंच्या मांडणीचे प्रकार मोजण्याची रीत दिली असून, विष्णूच्या चार हातांतील आयुधांचे २४ आणि शंकराच्या दहा हातांतील आयुधांचे ३६,२८,८०० क्रम होतात, असे उदाहरणाने दाखविले आहे. त्याच रीतीने आठ रंग आठ जणांत ४०,३२० प्रकारांनी वाटता येतात. लाइफ पूलमध्ये खरी धास्ती असे ती आपल्या पाठोपाठ कोण येतो याची, कारण ज्याचा क्रम आपल्यामागून तोच आपल्या चेंडूचा काळ. पलटणीतला सर्वांत पटाईत नेमबाज नेमका आपल्या पाठीशी येण्याचा संभव एक सप्तमांश. म्हणजे सात डावांतून सरासरी एकदा, केवळ टोपलीतील हाताच्या फिरण्यामुळे, चांगला खेळाडूही संकटात सापडणार.

शेवटी दोघेच उरले आणि दोघांचे जीव समान असले, तर निधी सारखा वाटून घेण्याची रीत होती. जीव विषम असताना न्याय्य वाटणी कशी करावी, हा प्रश्न त्याच जातीचा आहे, ज्याच्यावर १६५४ मध्ये पास्कल आणि फर्मा या फ्रेंच पंडितांनी पत्रव्यवहार केला आणि ज्यातून संभाव्यतेचे आधुनिक शास्त्र उदयास आले. निधी आठ रुपयांचा, एकाचे दोन जीव, दुसऱ्याचा एक आणि दोघांचे कसब तुल्यबल, असे धरा. दुसऱ्याला जिंकायचे, तर लागोपाठ दोन वेळा यश हवे. त्याचा संभव अर्ध्याचा अर्धा, म्हणजे चतुर्थांश. म्हणून पहिल्याचे सहा रुपये आणि दुसऱ्याचे दोन. झालेल्या खेळाकडे न पाहता होऊ शकणाऱ्या खेळाकडे पाहून हक्क ठरवावा, हा त्या दोघा पंडितांच्या विचाराचा गाभा होता.

सरकारलाही दैव आणि कसब यांची सीमा आखावी लागलीच होती. मध्य प्रांतास लागू असलेल्या १८६७ च्या जुगारबंदी कायद्याच्या बाराव्या कलमाने निव्वळ कौशल्याचे खेळ त्या कायद्यातून वगळले होते. त्यानंतर आठ वर्षांनी डेव्हनशायर पलटणीतील नेव्हिल चेंबरलेन या एकोणीस वर्षांच्या लेफ्टनंटाने, पंधरा तांबड्या चेंडूंचा ‘पिरॅमिड्स’ आणि ‘ब्लॅक पूल’ या जुन्या खेळांची सांगड घालून त्यांत आणखी रंगीत चेंडू मिळविले. पुढे १८८२ मध्ये उटकमंड येथे या नव्या खेळाचे, स्नूकरचे, नियम कायम झाले, आणि १९३८ मध्ये वृद्ध चेंबरलेन यांनी पत्राने जबलपूरच्या जन्माची हकीकत स्पष्ट केली.

या बदलाचे मर्म मला असे दिसते की, पूर्वी रंग हा चिठ्ठीने पदरी पडणारा माणसाचा ओळखपट्टा होता, तो येथे सर्वांना समान खुला असा किमतीचा आकडा झाला. पांढरा चेंडू दोन्ही खेळाडूंचा. तांबड्याचा एक गुण, पिवळ्याचे दोन, आणि चढत चढत काळ्याचे सात. पंधरा तांबडे, प्रत्येकामागून काळा, आणि अखेरीस सहाही रंग, असा निर्दोष डाव साधला तर बेरीज १४७ होते; हा आकडा कोणाच्या नशिबी लिहिलेला नसतो, तो कमवावा लागतो.

चिठ्ठी काढणे हा न्यायाचा एक सोज्ज्वळ मार्ग आहे, कारण तिच्यासमोर वशिला चालत नाही. पण ती संधी समान करते, वाटा समान करीत नाही. म्हणून जेथे दैवाचा कौल घेणे भाग आहे, तेथे त्याचे माप आधी मोजून घ्यावे, आणि जेथे तो टाळता येतो, तेथे जबलपूरच्या त्या तरुणाप्रमाणे नियमच नव्याने बांधावेत, हा धडा खेळाच्या मेजापुरता ठेवण्याचे काही कारण नाही.